निरोपाच्या वेळी कोणता अभंग घ्यावा?



वारीच्या वाटेवर माणसं कीर्तनकाराला पुष्कळ गोष्टी विचारतात. एकादशीला काय चालतं, माळ तुटली तर काय करावं, मुलाचं लग्न कधी जमेल. हे सगळं मोठ्यानं विचारलं जातं. पण एक प्रश्न असा आहे की तो विचारायला माणूस दिंडीच्या मागं रेंगाळतो, चार लोकांना पुढं जाऊ देतो, मग आवाज खाली घेतो. "महाराज, वडील आता फार दिवस काढतील असं दिसत नाही. त्यांचं काही झालं तर भजन ठेवायचं मनात आहे. कोणते अभंग घ्यावेत?"

विचारताना त्याला चोरट्यासारखं होतं. बाप जिवंत असताना आपण त्याच्या मरणाची तयारी करतोय की काय, असं वाटतं. अहो, यात चोरी कसली? तिरडीला काय लागतं ते गावातल्या चार जाणत्यांना तोंडपाठ असतं. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, कापड. त्यातलं काही विसरत नाही. विसरतं काय, तर गायचं काय ते. मग ऐनवेळी कोणीतरी ज्याला जे आठवेल ते सुरू करतो, आणि दहाव्याला येणारा बुवा त्याचं जे पाठ असेल ते सांगून जातो.

म्हणून हा विषय एकदा नीट बोलावा असं वाटलं. माझं सांगणं थोडक्यात एवढंच आहे की गाथा उघडण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा. अभंग सगळेच थोर आहेत. पण सगळे सगळ्या वेळेचे नाहीत. औषधाच्या कपाटातल्या सगळ्याच बाटल्या औषधाच्या असतात, म्हणून कोणतीही उचलून पाजत नाही ना आपण?

आता पहिला विचार असा, की हे गाणं आहे कोणासाठी? गेला त्याच्यासाठी, का राहिले त्यांच्यासाठी? दोघांसाठी आहे. पण दोघांची गरज वेगळी आहे, आणि इथंच गफलत होते.

जाणाऱ्याला लागतं नाम. फार काही नाही. गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्नच हा आहे की प्रयाणाच्या वेळी तुला जाणावं कसं. भगवंतांनी उत्तर दिलं, की शेवटी ज्याचं स्मरण त्याच गतीला जीव जातो, आणि लगेच पुढं सांगितलं की म्हणून सर्व काळ स्मरण ठेव. हे दुसरं वाक्य लोक सोडून देतात! शेवटच्या क्षणी अचानक आठवण होत नाही. जे आयुष्यभर मुरलंय तेच वर येतं.

चोखोबारायांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. शके १२६० ची, म्हणजे इ.स. १३३८ ची गोष्ट. भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. बरोबरचे मजूरही गेले. पांडुरंगाच्या सांगण्यावरून नामदेवराय अस्थी आणायला गेले, तर ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडं एक झालेली. ओळखायची कशी? कथा सांगते, की नामदेवराय एकेक हाड कानाला लावत गेले आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून वेगळं ठेवलं. पंढरीत महाद्वारासमोर ती समाधी आहे, तुम्ही दर वारीला तिथं डोकं टेकवता. ज्या माणसाला देवळाच्या आत येऊ दिलं नाही, त्याची ओळख नामावरून पटली, जातीवरून नाही. आजही काही गावांत कोणाच्या मयताला भजनी मंडळ जातं आणि कोणाच्या जात नाही. ते मंडळ महाद्वारातून कसं जात असेल, मला कळत नाही. असो.

तर जाणाऱ्यासाठी नाम. माणूस अंथरुणावर शेवटचे श्वास मोजतोय तेव्हा खोलीत दहा टाळ आणि पखवाज नेऊ नका. त्याला आवाजाचा त्रास होतो. एकानं उशाशी बसावं, शक्यतो ज्याचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे त्यानं, म्हणजे बायकोनं, मुलानं, नातीनं, आणि हळू आवाजात 'रामकृष्ण हरी' म्हणावं. त्याच्या श्वासाच्या लयीनं म्हणावं. हरिपाठ येत असेल तर हरिपाठ. माळकरी माणसाच्या ओठांची हालचाल अशा वेळी हरिपाठाच्या ओळीला होते, हे मी पाहिलंय. ओळखपाळख हरवलेली, मुलाचं नाव आठवत नाही, पण अभंगाचं पुढचं चरण ओठांवर येतं. गाता गळा बरा आहे की नाही हा विचार तिथं आणूच नये.

मग वाट चालायची. घरापासून स्मशानापर्यंत. तिथंही नामच. वाटेनं अर्थाचे अभंग कोणी ऐकत नसतं. खांदेकरी बदलत असतात, मागून बायांचा आक्रोश येत असतो, रस्त्यावर गाड्या असतात. 'ज्ञानोबा-तुकाराम' किंवा 'विठोबा-रखुमाई' हा गजर पुरे. पावलाला जमेल अशी संथ लय ठेवावी. टाळ चार जोड असले तरी चालतं. नव्वदी ओलांडलेला, पन्नास वाऱ्या केलेला म्हातारा असेल तर पताका, मृदंग, विणा घेऊन दिंडीसारखं नेतात, पावलीसुद्धा खेळतात. ते शोभतं, कारण त्या घरातही डोळ्यांत पाण्याबरोबर समाधान असतं. पण तोच थाट तरुण मुलाच्या मयताला केलात तर त्याच्या आईच्या काळजावर टाळ वाजतो. मंडळाच्या पोरांना हे कोणीतरी आधी बाजूला घेऊन सांगावं लागतं.

घरात सुतक असताना टाळ वाजवावा का, असं पुष्कळ विचारतात. देवपूजा थांबते, देव झाकून ठेवतात, हा घराघरांतला रिवाज आहे. त्याला माझं काही म्हणणं नाही. पण नामाला सोयरसुतक नाही, हे आपल्या वारकरी परंपरेत सगळे थोर सांगत आले. दहा दिवस घर शांत पडतं, संध्याकाळ खायला उठते. त्या वेळी नामच नको म्हटलं तर माणसानं करायचं काय?

ती संध्याकाळ हरिपाठाची. ज्ञानेश्वर महाराजांचा हरिपाठ छापील पोथ्यांत २७ किंवा २८ अभंगांचा असतो, बेताच्या लयीत म्हटला तर तासाच्या आत होतो. त्याची गंमत बघा, त्यात मरणाचं भय घातलेलं नाही आणि जगण्याचं कौतुकही नाही. नामाचा आधार आहे. शिवाय तो गावातल्या निम्म्या लोकांना पाठ असतो. पाठ असणं फार महत्त्वाचं. रडून डोळे सुजलेला माणूस पुस्तकातली ओळ वाचू शकत नाही, पण शेजारचे म्हणायला लागले की त्याच्या तोंडून शब्द आपोआप येतात. नऊ दिवस रोज शेजारपाजारचे दहा-बारा लोक आले आणि हरिपाठ म्हणून, काही न बोलता उठून गेले, तरी त्या घराला केवढा धीर होतो! सांत्वनाला आलेला माणूस काय बोलावं ते न सुचून काहीतरी भलतंच बोलतो. हरिपाठ त्याचीही सुटका करतो.

कोणी ज्ञानेश्वरी वाचतात. सगळा ग्रंथ नऊ हजारांवर ओव्यांचा, तो दहा दिवसांत ओढाताणीनं संपवायची काही गरज नाही. दुसरा अध्याय आत्म्याच्या अमरत्वाचा, आठवा प्रयाणकाळाचा, बारावा भक्तीचा, पंधरावा पुरुषोत्तमाचा. रोज थोडं, अर्थासह. पण माझा अनुभव असा, की घरात दुःख ताजं असेल तर बारावा आधी घ्यावा. दुसरा थोडा मागं ठेवावा. का, ते पुढं कळेल.

आता दहावा आणि तेरावा. खरी अडचण इथं आहे.

आपल्याकडे बहुतेक गावांत दहाव्याला नदीच्या घाटावर सकाळी प्रवचन असतं आणि तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला कीर्तन. दहाव्याचं चित्र डोळ्यांपुढं आणा. एकीकडे पिंड ठेवलेत, कावळ्याकडे सगळ्यांचे डोळे. दुसरीकडे मंडपात बुवा प्रवचन सांगतात. समोर मयताची बायको, पोरं, आई-बाप. आणि बुवांनी अभंग घेतलेला असतो वैराग्याचा. देह नाशवंत आहे, बायको-पोरं कोणी कोणाचं नाही, सगळे स्वार्थाचे सोयरे, स्मशानापर्यंतचे सोबती. सिद्धांत म्हणून सगळं खरं. संतांच्या गाथेत तसे अभंग भरपूर आहेत, आणि त्यांतलं एक अक्षर खोटं नाही.

पण एका गावी मी श्रोता म्हणून बसलो होतो. तीस-बत्तीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. त्याची बायको पुढच्याच रांगेत, मांडीवर लहान मुलगी. आणि व्यासपीठावरून सांगणं चाललेलं की बायको ही पायातली बेडी आहे, नवरा गेला तरी ती चार दिवस रडते आणि विसरते. लोक माना डोलवत होते. एकदोघे हसलेसुद्धा, कारण बोलणारा हुशार होता, दृष्टांत रंगवून सांगत होता. त्या बाईनं पदर तोंडावर ओढून घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. प्रवचन संपल्यावर तिचा सासरा हात जोडून पाकीट द्यायला पुढं आला, आणि मला तिथं बसवेना. तिनं काय केलं होतं, की तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला तिला हे ऐकावं लागावं?

कोणी म्हणेल, पण महाराज, तुकोबांनीच तर तसं लिहिलंय. लिहिलंय ना. पण केव्हा आणि कोणाबद्दल, ते बघा. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. तुकोबांची थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. धंदा बुडाला, गावात पत गेली. त्यानंतर तुकोबा एका अभंगात देवाला म्हणतात की बरं केलंस, आता तुझ्यामाझ्यात कोणी राहिलं नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण माऊली, हे त्यांनी स्वतःच्या घराबद्दल म्हटलंय. स्वतःच्या जखमेवर स्वतः मीठ चोळून घेतलंय. दुसऱ्याच्या विधवेपुढं बसून तिला ते ऐकवलेलं नाही. माणसाला स्वतःच्या दुःखाबद्दल जे बोलायचा अधिकार असतो तो दुसऱ्याच्या दुःखाबद्दल नसतो. एवढा एक भेद कीर्तनकारानं सांभाळला तर निम्मं काम झालं.

मग संतांनी दुसऱ्याच्या दुःखात काय गायलं? त्याचं उत्तर आळंदीला आहे.

शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. इ.स. १२९६. ज्ञानोबाराय समाधीला बसले, वय अवघं एकवीस-बावीस. तिथं कोण कोण होतं? निवृत्तीनाथ, म्हणजे थोरले बंधू आणि प्रत्यक्ष सद्गुरू. सोपानदेव, मुक्ताई. नामदेवराय आणि सगळा संतमेळा. सगळे ज्ञानी. आत्मा मरत नाही हे यांना कोणी शिकवायचं? ज्ञानेश्वरी ज्यांच्या आज्ञेवरून झाली ते निवृत्तीनाथ समोर उभे आहेत. आणि नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत काय लिहून ठेवलंय? निवृत्तीनाथांच्या शोकाला त्यांनी तळ्याचा बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडं धावावं तशी उपमा दिली आहे. थोरल्या भावाला, गुरूला, नाथपंथी योग्याला आवरेना. नामदेवराय त्यांना म्हणाले का, की देह नाशवंत आहे, रडता कशाला? नाही म्हणाले. ते स्वतः रडले आणि जे पाहिलं ते तसंच गायलं. समाधीच्या त्या अभंगांत उपदेश जवळजवळ नाही. माणसं एकमेकांना धरून उभी आहेत, एवढंच आहे.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत सोपानदेव सासवडला, मुक्ताई तापीकाठी आणि निवृत्तीनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. चार भावंडांचं घर एका वर्षात मिटलं.

आजही कार्तिकी त्रयोदशीला आळंदीत नामदेवरायांच्या वंशजांचं समाधीचं कीर्तन होतं. तुमच्यापैकी पुष्कळजण त्या गर्दीत उभे असता. दुपारी घंटा वाजते, फुलं उधळली जातात, आणि हजारो माणसं रडतात. सातशेहून जास्त वर्षं झाली त्या दिवसाला! कोणी रडणाऱ्यांना अज्ञानी म्हणत नाही. मग घरचं माणूस जाऊन दहा दिवस झालेल्या बाईला आपण वैराग्य कसलं शिकवतो?

म्हणून दहाव्याला करुणेचे अभंग घ्यावेत. देवाला आई म्हणून हाक मारणारे. गाथेत अशा अभंगांना तोटा नाही. विठ्ठल माउली आहे, लेकरू तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलंय, तिनं धावत यावं, हा भाव. ज्यांचे आईवडील गेलेत त्यांना जनाबाईचे पोरकेपणाचे अभंग फार जवळचे वाटतात. ती पोर नामदेवांच्या घरी वाढली, दळण-कांडण केलं, आणि जिथं आपलं कोणी नाही तिथं विठ्ठलाला हक्कानं बोलावलं. घरातली मोठी बाई गेली असेल तर पंढरी हे माहेर मानणारे अभंग घ्यावेत, नाथमहाराजांचे आहेत, तुकोबांचे आहेत. सासरी राबून दमलेली बाई माहेरी गेली, हा अर्थ मुलींना सांगावा लागत नाही.

तुकोबारायांचे वैकुंठगमनाचे निरोपाचे अभंग तर मयताच्या घरी सगळीकडे म्हणतात. देहूला बीजेच्या दिवशी, फाल्गुन वद्य द्वितीयेला, नांदुरकीच्या झाडाखाली तो प्रसंग दरवर्षी गातात. फार गोड प्रकरण आहे. गावकऱ्यांना शेवटचा रामराम घालून जाणारा माणूस, मनात किंतू नाही, राग नाही. पण तो जाणाऱ्याचा आवाज आहे, हे लक्षात घ्या. जो भरल्या ताटावरून तृप्त होऊन उठला त्याच्या तोंडी तो शोभतो. तुमच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी जरूर घ्या, त्याच्यासारखा दुसरा नाही. बावीस वर्षांच्या पोरासाठी मात्र घेऊ नका. तो पोरगा काही रामराम घालून गेला नाही, ताटावरून कोणीतरी उठवल्यासारखा गेला. त्याच्या आईला ठाऊक आहे ते. लेकरू गेलेल्या घरी मी तर निरूपण फार करतच नाही. नाम घेतो, एक करुणेचा अभंग घेतो, पसायदान म्हणतो आणि थांबतो. लोक म्हणतात महाराजांनी लवकर आटोपलं. म्हणू देत.

आणखी एक सांगतो, हे जरा जड आहे. आपल्या भागात कर्जापायी, नापिकीपायी शेतकऱ्यानं जीव दिल्याची घरं आहेत. त्या घरचं आमंत्रण आलं, तर नरजन्म दुर्लभ आहे, तो वाया घालवला, अशा अर्थाचा अभंग चुकूनही निवडू नका. गेलेल्या माणसाचा न्याय करायला आपल्याला बोलावलेलं नसतं. घरात पोरं असतात, उद्या शाळेत जायची असतात. बाप पापी ठरला असं ओझं त्यांच्या दप्तरात घालायचं नाही. त्या घरी देवाची दया सांगावी, आणि मंडपात बसलेल्या शंभर माणसांना हेही सांगावं की अडचणीतल्या माणसाच्या घरी नऊ दिवसांनी नाही, आधी जायचं असतं.

काही जण अभंगात 'मरण' शब्द दिसला की तो दहाव्याचा समजतात. तुकोबांनी स्वतःचं मरण डोळ्यांनी पाहिल्याचा जो प्रसिद्ध अभंग आहे, तो तसा सर्रास घेतला जातो. तो देहाच्या मरणाचा नाहीच. मीपणा मेला आणि आनंद त्रिभुवनात मावेना, असा अनुभव आहे तो. जिवंतपणीचा. ताज्या दुःखात बसलेल्या माणसापुढं तो आनंदाचा सोहळा मांडायचा म्हणजे त्याची दमछाक. जाणकार श्रोते असतील, गेलेला माणूस साधक असेल, तर वर्षश्राद्धाला दोन तास त्यावर चिंतन करावं. शब्द पाहून अभंग निवडू नये, भाव पाहून निवडावा.

चालीचं थोडं बोलतो. चाल साधी घ्या. पारंपरिक वारकरी चाल, आठ मात्रांचा भजनी ठेका, ध्रुपद सगळ्यांना परत म्हणता येईल असं. भीमसेनजींच्या संतवाणीतले अभंग मलाही आवडतात, पण त्या चाली मैफिलीच्या आहेत. तान घ्यायला जाणारा एकटा गातो आणि बाकीचे ऐकत बसतात. या वेळी ऐकायचं कमी आणि म्हणायचं जास्त. आणि सिनेमाच्या गाण्यांच्या चालीवर अभंग बसवायची जी टूम निघालीय ती इथं तरी नको. चाल कुठून आली ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच येतं. शब्द पांडुरंगाचे आणि डोळ्यांपुढं नाचणारी हिरोईन, असं होतं.

स्मशानात मोबाईलवर किंवा स्पीकरवर भजन लावून ठेवतात. कोणीच गाणारं नसेल तर शांतता त्याहून बरी, असं माझं मत. दोन माणसांनी नुसत्या टाळ्यांवर नाम घेतलं तरी पुष्कळ झालं. परगावी, परदेशी मुलगा अडकला असेल तर त्याला फोनवर जरूर जोडून घ्या, आणि त्याला पाठ असलेलाच अभंग घ्या, म्हणजे तिकडून तोही म्हणेल. फोनवर टाळ पुढंमागं होईल, त्याची फिकीर करू नका.

घरातल्या बायांना गाऊ द्या. पुष्कळ ठिकाणी पुरुषांचं मंडळ पुढं आणि घरच्या सुना-लेकी मागं पदराआड. अहो, गेलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणाला येतात? तिच्या लेकीला येतात. वर्षश्राद्धाला त्या लेकीला विण्याजवळ बसवा, तिला दोन ओव्या म्हणू द्या. विदर्भात गेलात तर खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात, सामुदायिक प्रार्थना करतात. ते त्या घराचं आहे, तिथं आपला वारकरी शिरस्ता लादायचं कारण नाही.

दहाव्याला अजून एक विघ्न असतं ते श्रद्धांजलीच्या भाषणांचं. सरपंच, चेअरमन, माजी, आजी, भावी. एकेकाला दोन मिनिटं म्हणून माईक दिला की वीस मिनिटं जातात, आणि प्रवचनाला उरतात दहा. यादी घरच्यांनी आदल्या दिवशीच ठरवावी आणि ती चोपदारासारख्या कोणा खंबीर माणसाच्या हातात द्यावी. राजकारण्याच्या हातात नको.

पैशाचंही बोलू. नावाजलेला कीर्तनकार आणायचा म्हणून कर्ज काढू नका. कीर्तनाचा बाजार करू नये हे तुकोबारायांनी स्पष्ट सांगितलंय, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही. गेलेला माणूस ज्या मंडळात टाळ धरून उभा राहायचा त्याच मंडळानं त्याच्या तेराव्याला भजन केलं, त्याची जागा रिकामी ठेवून केलं, तर त्या घराला जे मिळतं ते मोठ्या नावानं मिळत नाही. परगावच्या बुवाला बोलावलंच, तर त्याला आधी फोन करून सांगा. कोण गेलं, वय काय, कसं गेलं, समोर कोण बसणार आहे. आणि संकोच न धरता म्हणा की महाराज, वैराग्याचा अभंग नको. चांगला कीर्तनकार रागावणार नाही. रागावला तर दुसरा बघा.

वैराग्याचे अभंग मग घ्यायचेच नाहीत का? घ्यायचे ना. वर्षश्राद्धाला घ्या, पुढच्या पुण्यतिथीला घ्या, सप्ताहात घ्या. वर्ष गेलं की जखमेवर खपली धरते, मन विचार करायला तयार होतं. तेव्हा तीच बाई स्वतःहून म्हणते की महाराज, संसाराचं खरं रूप सांगा. तिनं मागितलं की मग द्यावं. आधी वाढू नये. आणि पंधरा-वीस वर्षांनी म्हाताऱ्याच्या पुण्यतिथीला गौळण झाली, भारूड झालं, लोक पोट धरून हसले, तरी बिघडत नाही. त्या म्हाताऱ्यालाही भारूड आवडत असेल.

आता त्या दिंडीच्या मागं रेंगाळणाऱ्या मुलाला मी काय सांगतो ते ऐका. घरी जा आणि वडिलांनाच विचार. बापाला विचारायची लाज वाटत असेल तर असं विचार, की बाबा, तुम्ही वारीला कोणता अभंग म्हणायचा, तो मला शिकवा. म्हातारा खुलतो, बघा. एकाचा विचार करता करता चार सांगतो. हा कोणाकडून शिकलो, कोणत्या मुक्कामाला म्हटला, तेव्हा पाऊस कसा होता, सगळं निघतं. एका वहीत ते लिहून ठेवायचं. अभंगाचा पहिला शब्द, गाथ्यातला क्रमांक, आणि खाली चाल. चाल कागदावर लिहिता येत नाही म्हणाल, तर मोबाईलमध्ये त्यांच्या आवाजात भरून ठेवा. आवाज थरथरला तरी असू द्या. आणि वही कपाटात कुलपात ठेवू नका, टाळाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे मंडळातल्या दुसऱ्या कोणालाही सापडेल. त्या दिवशी तुम्हाला ती शोधायचं भान राहणार नाही.